फुकटात ग्लासगो

माझा एक भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. परदेशप्रवास करायचा, आणि तो फुकटात करायचा! दर रविवारी फोनवर नवी युक्ती असते. कुणाची तरी मांजरं सांभाळायची आणि त्या बदल्यात त्याच्या घरात राहायचं. शेतावर चार तास खुरपणी करायची आणि दोन वेळचं जेवण पदरात पाडून घ्यायचं. गेल्या रविवारची युक्ती जरा भव्य होती. "मामा, मालवाहू बोटीवर भांडी घासत घासत ग्लासगोला आलो तर? तिकीटच नको!"

मी त्याच्या उत्साहावर यथाशक्ती पाणी ओतलं. (मामा असतात कशासाठी?) पर्यटक म्हणून ब्रिटनचा व्हिसा घेतला, तर जेवणाच्या बदल्यात केलेली खुरपणीसुद्धा कामच धरली जाते आणि ती चालत नाही. बोटीवर भांडी घासायची तरी आज आधी प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि खलाशाचं पुस्तक लागतं. मालवाहू बोटीवर प्रवासी म्हणून यायचं तर ते विमानापेक्षा महाग पडतं. आणि स्वखर्चाने शिकायला यायचं म्हटलं, तर राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून आहेत हे दाखवावं लागतं. थोडक्यात काय, फुकटात यायचं असेल तर आधी बँकेत पैसे हवेत.

फोन ठेवला, पण ते 'भांडी घासत ग्लासगोला' काही डोक्यातून जाईना. कारण तिकीट न काढता ग्लासगोला आलेला एक माणूस मी लहानपणी रोज पाहत होतो. आणि त्याच्या बाबतीत माझ्याकडून एक लबाडी झाली होती. नकळत झाली, पण लबाडीच.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. खाडीच्या या बाजूला आमची वाडी, त्या बाजूला मोहल्ला, मध्ये तर. मला इथल्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन तास भाषणं. शाळेच्या व्हरांड्यात गुणवंतांचा एक फलक आहे, त्यावर माझं नाव रंगवलं गेलं आणि पुढे लिहिलं, 'ग्लासगो (विलायत) येथे जाणारे गावातील पहिले.' मी मान खाली घालून, मनातून सुखावून, फोटो काढून घेतला.

मागच्या रांगेत मोहल्ल्यातल्या एका चाचांचा मुलगा बसला होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने हात मिळवला, हसला, आणि जाता जाता म्हणाला, "तिकडं पाऊस लय. बाबा सांगायचे." एवढंच. चाचा तेव्हा हयात नव्हते. विमानात बसेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. शिरला तेव्हा विमानातून उतरून फलक पुसायची काही सोय नव्हती!

चाचा बोटीवर होते. कोकणात 'बोटीवर असणे' हा पुरेसा तपशील असतो, कुठल्या बोटीवर ते कुणी विचारत नाही. १९५० आणि ६० च्या दशकात ते एका स्कॉटिश कंपनीच्या मालवाहू बोटींवर होते. आधी साधे खलाशी, शेवटी तांडेल. आम्ही पोरं त्यांना विचारायचो, "चाचा, विलायतेत काय पाह्यलं?" ते विडी झटकून म्हणायचे, "गिलास्कोत? गोदी पाह्यली, पाऊस पाह्यला नि एक मोठी क्रेन पाह्यली. पाण्यापलीकडं ट्राम जायची. तिच्यात बसलो नाय." आम्हाला वाटायचं चाचा थापा मारतात. विलायतेला जाऊन कुणी नुसती गोदी पाहून येतं का?

आता मी क्लाइड नदीच्या काठाने रोज सायकलने कामावर जातो, आणि ती क्रेन मला रोज दिसते. फिनिस्टनची क्रेन. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात बनलेली रेल्वे इंजिनं बोटींवर चढवायचं काम ती करायची, आणि त्यातली कितीतरी हिंदुस्थानात यायची. ट्राम १९६२ साली बंद झाली. क्रेनच्या शेजारची क्वीन्स डॉक ही गोदी १९६९ साली बंद पडली, पुढे एक रेल्वे स्टेशन पाडून निघालेल्या राडारोड्याने ती बुजवली, आणि त्यावर आज प्रदर्शनं आणि गाण्याचे जलसे भरतात. चाचांचं ग्लासगो म्हणजे ही बुजवलेली गोदी. चाचा थापा मारत नव्हते.

तर प्रश्न असा, की खाडीकाठच्या मोहल्ल्यातला माणूस इथवर तिकिटाशिवाय कसा यायचा? आणि आल्यावर गोदीच्या फाटकाबाहेर का पडायचा नाही?

उत्तराचा पहिला भाग आम्हा इंजिनिअर मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे. सुरुवातीच्या आगबोटी कोळशाच्या बाबतीत भयंकर खादाड होत्या. लांबच्या सफरीवर निघालं की बोटीचं पोट कोळशानेच भरायचं, माल ठेवायला जागा उरायची नाही. १८५४ मध्ये ग्लासगोच्या जॉन एल्डरने बोटीवर संयुक्त इंजिन बसवलं. एकदा वापरलेली वाफ फेकून न देता तीच दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लावायची. कोळसा साधारण एक तृतीयांशाने वाचला. (याच काळात ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक रँकिन औष्णिकीची सूत्रं मांडत होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी ज्यांना रँकिन चक्राने छळलं असेल, त्यांना हे नाव विसरता येणार नाही.) १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. मग १८७० आणि ८० च्या दशकांत क्लाइडकाठच्याच अलेक्झांडर कर्कने वाफ तीनदा वापरणारं इंजिन चालवून दाखवलं. मुंबई आणि ग्लासगो यांच्यात बोटींची रहदारी सुरू झाली ती अशी.

कंपन्याही इथल्याच. क्लॅन लाइन, सिटी लाइन, अँकर लाइन. अँकर लाइनच्या बोटी ग्लासगो आणि लिव्हरपूलहून मुंबईला जायच्या, आणि तिची मुंबईची प्रवासी सेवा १९६६ पर्यंत चालू होती. तिच्या कचेरीची पांढऱ्याशुभ्र चकचकीत फरशांनी मढवलेली इमारत शहराच्या मध्यावर अजून उभी आहे. आता तिथे उपाहारगृह आहे, भिंतींवर जुन्या बोटींचे फोटो आहेत. फोटोंत डेकवर खुर्च्या टाकून बसलेले साहेब आणि मडमा. मी एकदा मुद्दाम सगळे फोटो निरखत हिंडलो. वेटरला वाटलं टेबल शोधतोय.

इंजिन सुधारलं, कोळसा वाचला. मग मालकांच्या लक्षात आलं की आता वाचवण्यासारखा दुसरा मोठा खर्च माणसांचा. गोऱ्या खलाशाला जो पगार द्यावा लागे, त्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शात हिंदी खलाशी मिळत होता. या खलाशांना इंग्रज 'लस्कर' म्हणत. शब्द फारसीतल्या लष्करापासून, पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आलेला. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमाराला ब्रिटिश बोटींवर ५० हजारांहून जास्त लस्कर होते. म्हणजे साम्राज्याच्या व्यापारी बोटींवरच्या दर सहा माणसांमागे एक.

यांची भरती ठरावीक मुलखांतून व्हायची. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर डेकची माणसं बरीचशी रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान किंवा गुजरात-काठेवाडच्या किनाऱ्यावरची. खाली बॉयलरपाशी पंजाब, मिरपूर आणि सरहद्दीकडचे. जेवणघरात आणि साहेबांच्या दिमतीला गोवेकर ख्रिश्चन, कारण त्यांना कुठलंही मांस शिजवायला हरकत नसे. धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाचे जे 'कूड' आहेत, ते मुळात दोन सफरींच्या मधल्या दिवसांत खलाशांनी मुंबईत पाठ टेकायची जागा म्हणून वाढले. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेटचे लोक जास्त.

मला सगळ्यात गंमत वाटली ती बोटीवरच्या हुद्द्यांची. मुकादम तो सारंग. त्याच्या हाताखाली तांडेल. सुकाणू धरणारा सुकाणी. कोठारावरचा कसब. खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी (इथे जातीचा संबंध नाही). बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा आगवाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला. सारंग आणि तांडेल ही तर आपल्याकडची आडनावंच. ग्लासगोच्या कंपन्यांच्या करारपत्रांत हे शब्द इंग्रजी लिपीत, पण जसेच्या तसे असत. साहेबाने गोदीतली भाषा बदलली नाही, कारण ती त्याला कधी बनवताच आली नव्हती. १८११ साली कलकत्त्यात टॉमस रोबक नावाच्या गृहस्थाने खलाशांच्या या भाषेचा कोश छापला, का तर गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत म्हणून. वजन खाली सोडताना आपल्याकडे क्रेनवाल्याला 'आर्या!' म्हणून ओरडतात ना, तो पोर्तुगीज शब्दसुद्धा याच भाषेतून आपल्या बांधकामांवर उतरला.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग चाचांची मजाच होती की! पगारही मिळायचा आणि विलायतही. हे तर फुकटाच्याही वरचं झालं."

दिसतं तसंच. आता करार बघू.

लस्करांचा करार गोऱ्या खलाशांहून वेगळा असे. त्याचं मूळ १८२३ च्या एका कायद्यात आहे. त्याआधी इंग्लंडला पोचलेले लस्कर परतीच्या बोटीवर जागा नसल्याने लंडनच्या रस्त्यांवर उपाशी हिंडत, थंडीने मरत. कायद्याने त्यावर इलाज केला. लस्करांना परत नेऊन सोडणं बोटमालकांवर बंधनकारक झालं. वरवर पाहता ही दयाच वाटते. पण त्याच कायद्याने त्यांना 'ब्रिटिश खलाशी' या व्याख्येतून बाहेर काढलं. राजाची प्रजा, राजाच्या बोटीवर काम, पण ब्रिटिश नव्हे. पुढे १८९४ च्या जहाजवाहतुकीच्या कायद्यात हीच गोष्ट पक्की झाली. हिंदुस्थानात भरती झालेल्या लस्कराला मालक सांगेल त्या बोटीने परत जायचं. ग्लासगोला उतरून जास्त पगाराची दुसरी नोकरी धरायची मुभा नाही. येणं फुकट, परतणं सक्तीचं.

आणि येताना राहायचं कुठे? तेही कायद्यात मोजून दिलेलं होतं. १९०६ साली ब्रिटिश खलाशासाठी बोटीवर राहायची जागा माणशी १२० घनफूट ठरली. लस्कराची ३६ घनफुटांवरच राहिली. छत्तीस घनफूट म्हणजे किती? तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच. आपल्या आजीच्या वेळचा लाकडी पेटारा डोळ्यांसमोर आणा. कारण असं देत की यांना दाटीवाटीची सवय असते. बॉयलरच्या खोलीसाठीही असंच कारण तयार होतं. उष्ण देशातले लोक, यांना उकाडा बाधत नाही! चार तासांची पाळी, दिवसातून दोनदा, आणि तांबड्या समुद्रात खालचं तापमान सहज पन्नाशीच्या पुढे. उष्णतेच्या वहनावर मी पाच वर्षं घालवली आहेत. कातडीच्या रंगाचा त्यात कुठे संबंध येतो, हे मला अजून सापडलेलं नाही.

बोट ग्लासगोला लागली की माल उतरेपर्यंत, नवा भरेपर्यंत दिवसचे दिवस जात. कधी बोटीवरच राहायचं, कधी ब्रूमीलॉ धक्क्यावरच्या खलाशांच्या वसतिगृहात. १९०३ साली त्या वसतिगृहात रात्री मुक्कामाला असणाऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लस्कर होते. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, ग्लासगोच्या ऐन धक्क्यावर, डिसेंबरच्या रात्री कुठेतरी दोन माणसं कोकणीत घरच्या भातशेतीबद्दल बोलत असणार. मी इथे आलो तेव्हा सहा महिने मराठी शब्द कानावर पडला नाही म्हणून हळहळत होतो. जागा बरोबर होती, वेळ चुकली होती.

बाहेरचं वातावरण मात्र नेहमी वसतिगृहाइतकं ऊबदार नसे. पहिलं महायुद्ध संपलं, गोरे खलाशी परतले, कामं कमी पडली. २३ जानेवारी १९१९ रोजी ब्रूमीलॉजवळच्या जेम्स वॉट रस्त्यावर भरतीसाठी जमलेल्या गोऱ्या आणि काळ्या खलाशांत मारामारी झाली. जमावाने पश्चिम आफ्रिकेच्या खलाशांचा पाठलाग केला, आणि पोलिसांनी पकडले ते बहुतेक काळेच. त्या वर्षी ब्रिटनच्या बंदरांत अशा दंगली होत गेल्या, त्यांतली ही सुरुवातीची. (गुरू ज्याच्या नावाने शिकवला, त्या जेम्स वॉटच्या नावाच्या रस्त्यावर हे व्हावं याचं मला उगाचच वाईट वाटतं.) मग १९२५ मध्ये सरकारने हुकूम काढला. ज्या 'रंगीत' खलाशांकडे ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद नाही, त्यांनी परकीय म्हणून नोंद करायची. ग्लासगोत तर ब्रिटिश प्रजा असलेल्या हिंदी माणसांनाही परकीयांच्या वहीत बसवलं गेलं, आणि इथल्या हिंदी लोकांच्या संघटनेने त्याविरुद्ध तक्रार केली. ज्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्या राज्याचे आपण प्रजाजन आहोत, हे यांना बंदरावर कागद दाखवून सिद्ध करावं लागत होतं.

तरी काही जण उतरलेच. रात्री गोदीतून सटकून नाहीसे झाले. पहिल्या महायुद्धात लॅनार्कशरच्या लोखंडाच्या कारखान्यांत असे माजी लस्कर कामाला होते. पुढे काहींनी सुटकेसमध्ये कापडचोपड भरून दारोदार फिरत विकायला सुरुवात केली. यांत पंजाबचे लोक जास्त. क्लाइडच्या दक्षिणेला गॉर्बल्स भागात त्यांची वस्ती झाली, मशीद आणि गुरुद्वारा आला. आज ग्लासगोत भारतीय-पाकिस्तानी दुकानांची जी रांग दिसते, तिच्या मुळाशी हे बोटीवरून पळालेले लोक आहेत.

कोकणी खलाशी त्यांत फारसे दिसत नाहीत. मला वाटतं, त्यांची मुंबई जवळ होती. सफर संपली की गाव गाठायचं, पेरणीला किंवा लग्नाला हजर व्हायचं, चिऱ्याच्या घराचं एक दालन वाढवायचं आणि पुन्हा मुंबई गाठायची. चाचांनी हेच केलं. त्यांच्या पगारातून घर झालं, दोन बहिणींची लग्नं झाली, मुलगा शिकला. चाचांना मी 'बिचारे' म्हटलं असतं तर त्यांनी मला खाडीत ढकललं असतं. चाळीस माणसांच्या बोटीत आपण तांडेल होतो, याचा त्यांना सार्थ अभिमान होता. म्हणून मी इथे करुण चित्र काढायला बसलेलो नाही. हिशेब तेवढा नीट लागावा एवढंच.

हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम युद्धांची आहे. पहिल्या महायुद्धात ३,४२७ लस्कर मेले आणि सुमारे १,२०० कैदी झाले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मेले. ते युद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, लस्करांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केले. पाणसुरुंगांतून बोट न्यायची तर पगार वाढवा, एवढीच मागणी. शेकडो लोक तुरुंगात गेले, पण शेवटी पगार वाढला. घासाघीस करायची वेळ त्यांनी बरोबर साधली होती.

ग्लासगोच्या बार्कली कर्ल कारखान्याने १९३६ मध्ये 'सिटी ऑफ बनारस' नावाची बोट बांधली. मुंबईच्या मार्गासाठी. सप्टेंबर १९४० मध्ये ती लिव्हरपूलहून कॅनडाला निघाली, तिच्यावर बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी पाठवलेली ९० मुलं होती. १७ सप्टेंबरच्या रात्री जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. ७७ मुलं गेली. ही गोष्ट ब्रिटनमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि माहीत असायलाच हवी. पण त्या बोटीवरचे बहुसंख्य खलाशी हिंदी होते, उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात पातळ सुती कपड्यांत होते, आणि त्यांतलेही शंभरावर गेले, हे कमी लोकांना ठाऊक असतं. एक जीवनौका आठ दिवस समुद्रात भरकटत होती. तिच्यात सहा मुलगे होते, त्यांना गोष्टी सांगून धीर देणाऱ्या एक बाई होत्या, आणि ४६ जणांपैकी ३२ लस्कर होते. त्या बाईंचं आणि मुलांचं नाव पुस्तकांत सापडतं. बत्तिसांची यादी मी शोधतोच आहे.

समुद्रात गेलेल्या व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक लंडनला टॉवर हिलवर आहे. बोटींच्या नावाखाली माणसांची नावं ब्राँझवर कोरलेली. हिंदी खलाशांची नावं तिथे नाहीत. एकाच बोटीवर, एकाच पाणतीराने मेलेले लोक मेल्यावर दोन याद्यांत वाटले गेले. हिंदी नावं आहेत ती मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धाचं स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या युद्धातल्या मृतांची नोंदवहीही. तशीच एक प्रत चितगावला. आपल्यापैकी किती जण मशीद बंदरला मसाला, सुकामेवा घ्यायला जातात! पिशव्या सांभाळत आपण त्या वास्तूच्या जवळून जात असू. मीसुद्धा गेलो आहे, वळून न बघता.

हे वाचत गेलो तसा माझा स्वतःचा हिशेब मला टोचायला लागला. मी ग्लासगोला आलो तो एक पैसा खर्च न करता. विमानाचं तिकीट, फी, खोलीचं भाडं, सगळं शिष्यवृत्तीतून. मित्रांना मी हे रंगवून सांगतो. पण फुकटातला प्रवास कुणीतरी कुठेतरी भरलेला असतोच. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. साहेबांच्या पोरांना सांभाळत मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आयांचंही तिकीट मालक काढत, पण परतीची सोय न करताच काहींना लंडनला सोडून दिलं जाई, इतकं की त्यांच्यासाठी तिथे एक आश्रयगृह काढावं लागलं. माझ्या करारात फक्त एवढंच होतं की दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यायचा. मी शहरभर हिंडू शकलो, पदवी घेऊन नोकरी बदलू शकलो, इथे राहू शकलो. चाचांचा प्रवास आणि माझा प्रवास, दोन्ही 'फुकट'. फरक गोदीच्या फाटकाचा.

मागच्या डिसेंबरात घरी गेलो तेव्हा तरीतून पलीकडे गेलो. चाचांच्या मुलाने चहा केला, खाजा आणला, आणि मी विचारल्यावर आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चाचांचं खलाशाचं पुस्तक काढून दिलं. मला खात्री होती की त्यात ग्लासगोचे शिक्के असणार. मी पानं उलटायला लागलो. प्रत्येक सफरीची एक ओळ. भरती कुठे झाली, मुंबई. कामावरून सुटले कुठे, मुंबई. भरती मुंबई, सुटका मुंबई. अकरा ओळी. मध्ये माणूस कुठे कुठे गेला याला त्या पुस्तकात रकानाच नाही, सफर 'परदेशी' एवढाच शेरा. वागणूक आणि काम यांपुढे प्रत्येक वेळी 'अतिउत्तम' असा शिक्का. ग्लासगो हा शब्द मला सापडला तो बोटीच्या नावापुढे. बोटीची नोंदणी ज्या बंदरात झाली, त्या रकान्यात. कागदोपत्री ग्लासगोची होती ती बोट. चाचा मुंबईहून निघून मुंबईलाच पोचलेले.

"गोदीच्या बाहेर कधीच नाही गेले?" मी विचारलं.

"गेले ना एकदा," मुलगा म्हणाला. "माझ्यासाठी स्वेटर घ्यायला. रस्ता चुकले, एका पोलिसानं परत आणून सोडलं. स्वेटर मोठा झाला. चार वर्षं घातला."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, सर, फलकावरचं ते 'पहिले' चुकीचं आहे, माझ्या आधी या गावचा माणूस अकरा वेळा ग्लासगोला जाऊन आलाय. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "ते सगळं खरं. पण ते बोटीवर होते ना? कामाला?" मी म्हटलं, मीपण कामालाच आहे. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बदलू. पण पेंटरचे पैसे शाळेकडे नाहीत हां."

पेंटरने आठशे रुपये घेतले. चाचांचं नाव वर, माझं खाली. भाच्याला फोटो पाठवला आहे. त्याचा अजून फोन आलेला नाही.